मेंढ्या, शंभर नग

आमच्या सरांनी पहिल्या तासाला आमची हजेरी घेतलीच नाही. त्यांनी झाडांची घेतली.

दुसरं वर्ष, विषय पर्यावरण. हा विषय विद्यापीठात सगळ्यांना सक्तीचा असतो, त्यामुळे तो कोणी मनापासून शिकत नाही आणि बहुतेक कोणी मनापासून शिकवतही नाही. तास दुपारचा, जेवणानंतरचा. आम्ही पेंगायच्या तयारीनेच बसलो होतो. सर आले. उंच, वाळलेले, इस्त्रीशी संबंध नसलेला शर्ट आणि खांद्याला जुन्या सोलापुरी चादरीची शिवलेली पिशवी. कापताना काहीतरी चुकलं असावं, कारण पिशवीवरच्या मोराला डोकं नव्हतं. त्यांनी पिशवीतून लांबट रजिस्टर काढलं, चष्मा शर्टाला पुसला आणि वाचायला सुरुवात केली.

"एक, कडुलिंब."

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो.

"गैरहजर. दोन, करंज." त्यांनी वर बघून जरा वाट पाहिली. "गैरहजर. तीन, चिंच."

मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "हजर."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "तम्मा, तू चिंच आहेस?"

"नाही सर."

"मग प्रॉक्सी लावू नकोस. चिंच मेलीय. मी सकाळीच बघून आलोय."

अशी साठ नावं झाली. त्यातली चार झाडं हजर निघाली, तीही सरांनीच सांगितली. मग त्यांनी खुलासा केला. मुलींच्या वसतिगृहामागच्या माळावर दरवर्षी वृक्षारोपण होतं. हे मागच्या वर्षीचे विद्यार्थी. आता पुढच्या आठवड्यात त्याच साठ खड्ड्यांत नवी रोपं लागणार, आणि ज्याचा जो रोल नंबर त्या खड्ड्याचा तो पालक. रोज हजेरी होईल. आधी झाडाची, मग पालकाची. झाड तीन वेळा गैरहजर राहिलं तर पालकाला बोलावणं जाईल.

"पण सर, पालक तर आम्हीच आहोत," पुढची एक मुलगी म्हणाली.

"म्हणूनच सोपं आहे की, अव्वा. पोस्टाचं तिकीट वाचतं."

सरांच्या घरी कानडी बोलत. मुलींना ते 'अव्वा', म्हणजे आई, म्हणत आणि मुलांना 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ. आमची नावं त्यांनी वर्षभरात कधी घेतली नाहीत. माझा रोल नंबर सत्तावीस होता. मी उभं राहून माझं नाव सांगायला लागले तर म्हणाले, "नाव राहू दे. झाडालाही नाव ठेवलेलं नाहीये. उगाच त्याला कमीपणा."

मला आधी वाटलं होतं की विद्यापीठातली माणसं फार गंभीर असतात. आमच्या घरात कॉलेजात येणारी मी पहिलीच, त्यामुळे इथलं काय खरं आणि काय चेष्टा हे मला लवकर कळत नसे. मी वहीत तारीख घालून लिहून घेतलं: 'झाडाची हजेरी रोज.' शेजारणीने ते वाचलं आणि तिला तासभर हसू आवरलं नाही.

वृक्षारोपणाच्या दिवशी पाहुणे आले. प्रत्येक खड्ड्यापाशी एकेक रोप, एकेक पालक आणि फोटोवाला एकच. सर माझ्या खड्ड्याच्या काठावर बसले होते. म्हणाले, "या खड्ड्याला वाकून नमस्कार कर, सत्तावीस. हा माझ्यापेक्षा सीनियर आहे. मी नोकरीला लागलो तेव्हाही यात झाड लावत होते."

पाहुण्यांनी प्लॅस्टिकच्या वापरावर भाषण केलं. भाषण संपताना त्यांना प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला गुच्छ दिला गेला. ते गाडीत बसताना सर धावत गेले, गुच्छावरचा कागद अलगद सोडवला, नीट चौकोनी घडी घातली आणि गाडीच्या खिडकीतून आत दिला. "आपलं राहिलं," म्हणाले. पाहुण्यांनी आभार मानून तो खिशात ठेवला. त्यांना वाटलं असावं, हा सत्काराचाच भाग आहे.

त्यांचा आवडता शब्द होता 'साकु'. कानडीत 'पुरे'. कॅन्टीनचा चहा अर्धा कप भरला की, साकु. वर्गात तीन पंखे लागले की दोन बंद करत, साकु. सभेत कोणी लांबण लावली की हळूच, पण माइकला ऐकू जाईल इतपत, साकु. परीक्षेच्या आधी आम्ही म्हणालो, "सर, महत्त्वाचं काय ते सांगा." त्यांनी फळ्यावर तो एक शब्द लिहिला, खडूचा तुकडा परत खिशात टाकला आणि गेले. एका मुलाने शाश्वत विकासाची व्याख्या म्हणून पेपरात तेवढंच लिहिलं. सरांनी त्याला पूर्ण गुण दिले आणि पुढे शेरा मारला, 'पण पानं उरली त्याचं काय?'

प्रकल्पाच्या वहीचंही तसंच. 'जलप्रदूषण' नावाची एक वही आमच्या वसतिगृहात पिढीजात चालत आली होती. दरवर्षी वरचा कागद बदलायचा आणि आत तेच. माझ्या खोलीतल्या बार्शीच्या मैत्रिणीने ती यंदा आपल्या नावावर दिली. सरांनी तिला बोलावून वही परत केली. आत लिहिलं होतं: 'ही वही माझ्याकडे सातव्यांदा आली आहे. पुनर्वापर, दहापैकी दहा. बाकी शून्य. पान नऊवरचा चहाचा डाग माझा आहे, तो जपावा.'

मैत्रीण दोन दिवस चिडलेली होती. तिच्या वडिलांचं बार्शीला धान्याचं दुकान. बोलायला तिखट, मनाने चांगली. मी तिला घाबरायचे, कारण तिच्याशी मी एक खोटं बोलून बसले होते.

ते खोटं मी सांगूनच टाकते. माझे वडील मेंढरं राखतात. आमचं गाव सांगोल्याच्या बाजूचं, पण वर्षातले आठ महिने वडील, त्यांना आम्ही तात्या म्हणतो, खांड घेऊन गावोगाव असतात. खांड म्हणजे मेंढरांचा कळप. प्रवेशाचा फॉर्म भरताना तात्या माझ्या शेजारी उभे होते. 'पालकाचा व्यवसाय' या रकान्याशी माझा पेन थांबला. तात्यांना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, "काय लिवलंस?"

"शेती."

"बरं केलंस," ते म्हणाले आणि दुसरीकडे बघू लागले.

पुढे खोलीत मैत्रिणीने विचारलं तेव्हा त्या शेतीची बागायत झाली, आणि सांगोल्याकडची म्हणून बागायतीत डाळिंबं आली. दीड वर्ष ती मला म्हणत होती, "डाळिंबं आण की एकदा. नुस्ती नावालाच बागायतदारीण हायस." दर सुट्टीनंतर मी काहीतरी कारण सांगायचे. एकदा रोग पडला, एकदा गारपीट झाली. माझ्या बागेइतकी संकटं अख्ख्या तालुक्यावर आली नसतील.

सरांना यातलं काही माहीत नव्हतं, असं मला तेव्हा वाटायचं. पण एकदा ते आम्हाला माळावर गवत ओळखायला घेऊन गेले. कोणालाच काही येईना. त्यांनी एक काटेरी रोपटं चपलेने हलवून विचारलं, "हे काय?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "त्येला मेंढरू तोंड लावत न्हाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सरांनी मात्र वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "उत्तर बरोबर. शास्त्रीय नाव पुस्तकात बघा." बस, एवढंच.

माझं कडुलिंबाचं रोप दिवाळीपर्यंत तग धरून होतं. मी रोज सकाळी बादली घेऊन जायचे. इतर बहुतेक झाडं आधीच गैरहजर झाली होती, त्यामुळे हजेरीत 'सत्तावीस' आलं की मी जरा ताठ उभी राहायचे. पुढे थंडीत त्याची पानं करपायला लागली. एक दिवस नुसती काडी उरली. मला काय करावं सुचेना. खरं सांगायचं तर मला झाडाचं वाईट वाटलं त्याहून जास्त हजेरीची लाज वाटली. मी फाटकाजवळच्या मोठ्या लिंबाची एक हिरवीगार डहाळी तोडली आणि काडीच्या जागी खड्ड्यात खोचली.

त्या दिवशी सरांनी हजेरी माळावरच घेतली.

"सत्तावीस?"

"हजर, सर."

सर खड्ड्यापाशी गेले. दोन बोटांनी डहाळी वर उचलली. मुळाच्या जागी मी तिरपा तोडलेला पांढरा काप होता. त्यांनी तो सगळ्यांकडे पाठ करून बराच वेळ पाहिला, मग डहाळी पुन्हा खोचली आणि भोवतीची माती हाताने दाबली.

"हजर आहे," त्यांनी रजिस्टरात लिहिलं. "पण वर्गात लक्ष नाही."

कोणाला काही कळलं नाही. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. मी रडायच्या बेतात होते. ते म्हणाले, "प्रॉक्सी मी पण लावलीय, बी.ए.ला. शिक्षा म्हणून एवढंच सांग, झाड का मेलं? पाणी तर तू घालत होतीस."

"माती मेलीय सर," मी म्हणाले. "नुसता मुरूम उरलाय. पाणी थांबतच नाही."

"मग काय करायचं?"

मी चपलेच्या टोकाने मुरूम उकरत राहिले. "आमच्याकडं असं रान असलं की लोक मेंढरं बसवतात," मी शेवटी म्हणाले. "मेंढरं रातभर एका जागी बसली की लेंड्या-मुताचं खत होतं. दुसऱ्या दिवशी जागा बदलायची. असं करत सगळं रान पुरं होतं."

"पण मेंढ्या झाडं खातील."

"झाडं आहेत कुठं, सर?"

सर इतके हसले की खोकला लागला. "हा मुद्दा मी अर्जात घालतो," म्हणाले.

अर्ज त्यांनी त्याच दिवशी दिला. विषय: 'वसतिगृहामागील माळावर मेंढ्या बसविणेबाबत.' नग, शंभर. तो गेला देखभाल विभागाकडे. या विभागाच्या साहेबांना बसवण्याची फार हौस होती. मागच्या वर्षी त्यांनी बागेत सिमेंटची दोन हरणं बसवली होती. रस्त्याच्या कडेला कचऱ्यासाठी तोंड उघडलेले पेंग्विन बसवले होते, पोटावर 'मला वापरा' लिहिलेले. सोलापूरच्या उन्हात त्या पेंग्विनांचा रंग एका उन्हाळ्यात उडाला, आणि सर येता-जाता त्यांची विचारपूस करत. "कसं काय? सोसतंय का?"

चार दिवसांनी अर्ज एका छापील तक्त्यासह परत आला. तक्ता भरून द्यायचा होता. सरांनी मला तो स्टाफरूममध्ये दाखवला. पहिला रकाना होता, 'साहित्य: फायबर / सिमेंट / इतर'.

मी त्या रकान्यावर बोट ठेवलं. "सर, त्यांना वाटतंय पुतळे आहेत."

"असं कुठं म्हणालेत ते?"

"सर, फायबर लिहिलंय."

"आणि 'इतर' पण लिहिलंय की." सरांनी पेन काढलं आणि माझ्यासमोर सावकाश, सुंदर अक्षरात तक्ता भरला. साहित्य: इतर, लोकर. रंग: काळा व पांढरा, काही मिश्र. उंची: गुडघ्याच्या थोडी वर. वीजजोडणी: नको. देखभाल: पुरवठादार स्वतः करेल.

"हे खोटं होत नाही का सर?" मी विचारलं. मला खरंच कळत नव्हतं.

"यातलं कुठलं वाक्य खोटं आहे ते दाखव, मी खोडतो. मेंढ्या बसवणं याला मराठीत दुसरा शब्द असेल तर तोही सांग."

मला सुचला नाही. आजही सुचत नाही.

मंजुरी आली. 'मेंढ्या, शंभर नग, बसविण्यास मान्यता. तपासणी समितीच्या भेटीपूर्वी काम पूर्ण करावे. पेंग्विनच्या रांगेत बसविल्यास शोभा वाढेल.'

सरांनी तो कागद बिनडोक्याच्या मोराच्या पिशवीत ठेवला आणि मला म्हणाले, "आता पुरवठादार. तुझ्या ओळखीचं कोणी आहे का गं, अव्वा?"

ते माझ्याकडे बघत नव्हते. खिडकीतून पेंग्विनांकडे बघत होते. मी म्हणाले, "आहेत सर. गावाकडचे एक ओळखीचे आहेत."

त्या संध्याकाळी मी तात्यांना फोन केला. खांड तेव्हा मोहोळच्या अलीकडे होतं.

"तात्या, आमच्या सरास्नी मेंढरं बसवायची हायती."

"कुटं?"

"हितं. कालेजात."

थोडा वेळ नुसता मेंढरांच्या घंटांचा आवाज आला. "कालेजात पिकतंय काय?"

"काय न्हाय. म्हणूनच की."

ते हसले. मग हसू थांबलं. "तितं तुज्या मैतरणी असतील."

"व्हय."

"मग मी वळख न्हाय दावायचो," तात्या म्हणाले. अगदी सहज, पाऊसपाण्याचं बोलावं तसं. "मी आपला मेंढका म्हणून यीन आन् जाईन. तू काळजी करू नगंस."

'तसं न्हाय तात्या' असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "बरं."

विद्यापीठाचा दर्जा तपासायला बाहेरून समिती येणार त्याच्या आदल्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला, खांड फाटकावर आलं. रखवालदाराकडे येणाऱ्याची नोंद करायचं रजिस्टर असतं. त्याने तात्यांना विचारलं, "वाहन क्रमांक?"

तात्यांनी मागे शंभर मेंढरांकडे पाहिलं. "चालतच आलोय."

"भेटायचं कुणाला?"

मी दहा पावलांवर सरांच्या मागे उभी होते. तात्यांची नजर माझ्यावरून गेली, थांबली नाही. "सरास्नी," ते म्हणाले.

मेंढरं पेंग्विनांच्या रांगेतून माळाकडे गेली. एका मेंढीने एका पेंग्विनच्या तोंडात डोकं घातलं आणि तिला ते काढता येईना, तिला तात्यांनी सोडवलं. माळावर त्यांनी खुंट्या ठोकून वाघर लावली. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायचं जाळं. वसतिगृहाच्या सगळ्या खिडक्यांत मुली होत्या. माझी मैत्रीण ओरडून म्हणाली, "ए, तुमच्याकडचंच दिसतंय की मुंडासं. वळखीचं हाय का कोण?"

मी म्हणाले, "न्हाय."

इतक्यात देखभाल विभागाचे साहेब स्कूटरवरून आले. त्यांना शिल्पं उतरवताना बघायचं होतं. ते जाळ्यापाशी उभे राहिले. त्यांनी मेंढ्यांकडे पाहिलं, मग पेंग्विनांकडे.

"ह्या हलतायत," ते शेवटी म्हणाले.

"बसतील साहेब," सर म्हणाले. "नवीन जागा आहे, थोडा वेळ लागतो."

"अहो, उद्या समिती आहे. या काढा आत्ताच्या आत्ता."

सरांनी पिशवीतून मंजुरीचा कागद काढला. "भेटीपूर्वी बसवून पूर्ण कराव्यात, असं आपणच लिहिलंय. सही आपलीच ना? मला बसवायची मंजुरी आहे, उठवायची नाही. तसा लेखी आदेश द्या, 'बसविलेल्या मेंढ्या उठविणेबाबत'. आवक-जावकातून आला की लगेच उठवतो."

आवक-जावकातून कागद यायला किती दिवस लागतात हे साहेबांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांनी कागद दोनदा वाचला. तेवढ्यात पुढची एक मेंढी खरोखरच गुडघे मोडून खाली बसली, मग दुसरी, मग सगळ्याच. साहेब स्कूटर ढकलतच परत गेले.

सकाळी समिती आली. साहेबांनी त्यांना दुसऱ्या रस्त्याने न्यायचं ठरवलं होतं, पण मेंढरांना ते कोणी सांगितलं नव्हतं. आवाज ऐकून समितीच्या प्रमुख, परप्रांतातल्या वयस्कर मॅडम, सरळ माळाकडेच वळल्या. आमचा वर्ग तिथे हजेरीसाठी उभाच होता. मॅडमनी हिंदीत विचारलं, हे काय आहे, कोण समजावून सांगेल?

साहेब पुढे झाले, "जी, ये हमारा जैविक..." आणि तिथेच अडकले.

सर म्हणाले, "मला यातलं काही येत नाही. यांना येतं," आणि त्यांनी तात्यांकडे हात केला.

तात्या खांद्यावरचं घोंगडं सारखं करत पुढे आले. मॅडमनी आदरानेच विचारलं, "आपने ये सब कहाँ सीखा?"

त्यातला 'सीखा' तेवढा तात्यांना कळला. "शिकलो न्हाय मी," ते म्हणाले आणि खाली बघू लागले. मागून कोणीतरी फिसकन हसलं.

सरांनी तेव्हा रजिस्टर उघडलं. समितीसमोर, साहेबांसमोर, जणू रोजच्या हजेरीचीच वेळ झाली होती.

"सत्तावीस."

"हजर, सर." सवयीने तोंडातून गेलं.

"झाड?"

"गैरहजर. वाळलं."

"कारण?"

"माती मेलीय, सर."

"पालक?"

त्या रजिस्टरात पालक म्हणजे मीच होते. रोज या प्रश्नाला मी 'मी, सर' म्हणायचे. पण त्या दिवशी सर रजिस्टरात बघत नव्हते. चष्मा नाकावर उतरवून ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो तक्ता भरतानाचाच भाव होता. मी तात्यांकडे पाहिलं. तात्या लांबच्या एका पेंग्विनकडे बघत होते. त्यांनी मला दिलेला शब्द ते इतक्या कसोशीने पाळत होते की मानेची शीर ताठ झाली होती.

"आलेत, सर," मी म्हणाले. माझा आवाज फार बारीक निघाला, म्हणून मी पुन्हा म्हणाले. "पालक आलेत. हे माझे वडील आहेत."

तात्यांनी पेंग्विनवरून नजर काढायला वेळ घेतला. मग मॅडमकडे बघून म्हणाले, "व्हय. थोरली लेक हाय."

पुढचा अर्धा तास मी मोडक्या हिंदीत बोलत होते. मेंढरं एका जागी किती बसवायची, वाघर कशी सरकवायची, उन्हाळ्यात बसवलं तर पावसाने ते खत जमिनीत कसं मुरतं. तात्या मधून मधून मला दुरुस्त करत. "खोल नांगरायचं न्हाय म्हणावं. वरल्या वर. सांग त्येस्नी." मी सांगायचे. मॅडम वहीत लिहून घेत होत्या. त्या तात्यांना 'आप' म्हणत होत्या, आणि तात्या दर वेळी मागे वळून बघत होते, की मागे आणखी कोण आलंय.

समिती गेल्यावर मैत्रीण माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी जमिनीकडे बघत होते.

"म्हंजे डाळिंबं न्हाईतच?"

"न्हाईत."

"गारपीट?"

"न्हाय."

"तेल्या रोग?"

मी मान हलवली.

"दीड वर्ष मी तुझ्या बागंसाठी जीव टाकतीय बाई," ती म्हणाली. "मुडदा बशिवला तुझा." थोडा वेळ ती वाघरीतल्या मेंढरांकडे बघत होती. मग तात्यांकडे गेली आणि म्हणाली, "काका, घोंगडं मिळंल का हो एक? हिवाळ्यात हॉस्टेल लई गार पडतंय."

सरांना खुलासा द्यायला सांगितलं गेलं. त्यांनी दिला: 'मेंढ्या मंजुरीप्रमाणे बसविल्या व काम झाल्यावर उठविल्या. एकही नग शिल्लक नाही.' पुढे समितीच्या अहवालात मेंढरांबद्दल दोन चांगल्या ओळी आल्या, तेव्हा खुलाशाची फाइल कुठे गेली ते कळलं नाही. साहेबांच्या केबिनमध्ये मात्र साहेब आणि एक मेंढी असा फोटो लागला. मेंढीचे डोळे मिटलेले आहेत. सर म्हणाले, "तिनेच नीट फोटो दिलाय."

तात्या आठ दिवस राहिले. जाताना सरांनी त्यांना आपल्या भावाच्या, शुक्रवार पेठेतल्या दुकानातून ज्वारीचं पोतं दिलं. तात्या म्हणाले, "एवढं नगं." सर म्हणाले, "साकु म्हणायचं काम माझं आहे." दोघांना एकमेकांचं कितपत कळलं कोणास ठाऊक, पण ते बराच वेळ जाळं गुंडाळत बोलत होते. मी जवळ गेले तर गप्प झाले.

त्या पावसाळ्यात आम्ही तेच साठ खड्डे पुन्हा भरले. सत्तावीसमध्ये मी पुन्हा कडुलिंबच लावला. या वेळी पाहुणे नव्हते. सरांची ती शेवटचीच पावसाळी हजेरी, कारण वर्षअखेर ते निवृत्त झाले. निरोप समारंभात सहा भाषणं झाली. त्यांची पाळी आली तेव्हा ते माइकपाशी गेले, सगळ्यांकडे पाहिलं, "साकु" म्हणाले आणि खाली बसले. टाळ्या थांबल्यावर त्यांनी वरचे दोन पंखे बंद केले.

मी त्यांना एकदा विचारलं होतं, तात्या माझे वडील आहेत हे त्यांना कधीपासून माहीत होतं. ते म्हणाले, "मला आजही माहीत नाही. रजिस्टरात नाव कुठं आहे?"

रजिस्टर आता माझ्याकडे आहे. मी इथेच पुढचं शिकते आणि दुपारी नव्या मुलांची झाडं वाचून दाखवते. साठातली एकेचाळीस हजर आहेत. मागच्या आठवड्यात एका मुलाने वाळलेल्या करंजासाठी 'हजर' म्हटलं, आणि मी त्याला "तम्मा, तू करंज आहेस?" असं विचारलं, तेव्हा माझं मलाच हसू आलं.

तात्या फोन करतात. ते माझे मार्क विचारत नाहीत, त्यांना त्यातलं समजत नाही. खांड कुठल्या गावाला आहे ते सांगतात, कोकरं किती झाली ते सांगतात. मग फोन ठेवायच्या आधी दर वेळी एकच विचारतात.

"सत्तावीस हजर हाय का?"

लिंब आता माझ्या डोक्याच्या वर गेला आहे. पण ते लिंबाचं विचारतात की माझं, हे मी अजून त्यांना विचारलेलं नाही.

"हाय, तात्या," मी म्हणते. "हजर हाय."